कोड आणि त्याची साक्ष: दोन फाइलींमधल्या अंतराचा इतिहास

#धागा #इतिहास #संगणक

१/
ग्रंथातील टीप कुठे छापावी, हा प्रश्न वरवर मुद्रकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो वाचकाच्या सवयीचा आहे. विधानाचा पुरावा त्याच पानाच्या तळाशी असला की नजर सहज खाली जाते आणि विधान तपासले जाते. तोच पुरावा ग्रंथाच्या शेवटी, चारशे पानांपलीकडे असला, तर पानात बोट अडकवून मागे जाणारे वाचक थोडेच. पुरावा दोन्हीकडे शब्दशः सारखा असतो. तो तपासला जाईल की नाही, हे मात्र अंतर ठरवते.

२/
सॉफ्टवेअरच्या जगात याच अंतराचा एक छोटा, फारसा न सांगितला गेलेला इतिहास आहे. प्रोग्रॅमर जो कोड लिहितो तो एका फाइलीत असतो. तो कोड बरोबर चालतो का, हे तपासणारा दुसरा कोड, म्हणजे चाचणी किंवा टेस्ट, बहुधा वेगळ्या फाइलीत असतो. या दोहोंत दिवसातून अनेकदा ये-जा करावी लागते. ही ये-जा एका बटणावर कशी आली आणि त्या बटणामागचा दुवा किती नाजूक आहे, हे आज पाहू.

३/
संगणकक्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी एक साधे उदाहरण. एका फाइलीत व्याज काढण्याचे सूत्र आहे. दुसऱ्या फाइलीत त्याची चाचणी आहे: मुद्दल १०,००० रुपये, दर ५ टक्के, मुदत १ वर्ष, सरळव्याज ५०० आले पाहिजे. ५०० आले तर हिरवी खूण, अन्य काही आले तर लाल. दोन वर्षांनी दुसराच कोणी प्रोग्रॅमर सूत्रात बदल करायला बसतो. चाचणी चटकन सापडली तर तो ती आधी वाचेल आणि बदलानंतर तीत भर घालील. सापडली नाही तर सूत्र बदलून पुढे जाईल. खातेदारांचे व्याज चुकणे न चुकणे कधी कधी शोधाच्या त्या अर्ध्या मिनिटावर अवलंबून असते.

४/
प्रारंभापासून सुरुवात करू. १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रोग्रॅम पंचकार्डांवर असत. एका कार्डावर ८० स्तंभ, म्हणजे साधारण एक ओळ. शेकडो कार्डांचा गठ्ठा संगणककक्षात द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. त्यात तासच्या तास जात. तपासणीसाठी ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे आकडे वेगळ्या कार्डांवर देत आणि आलेला कागद हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहत. संगणक फक्त उत्तर देई. ते बरोबर आहे की नाही, हे ठरवणे माणसाच्या डोळ्यांचे काम होते.

५/
पुढे या अंतराला तत्त्वाचा आधार मिळाला. ग्लेनफर्ड मायर्स यांचे सॉफ्टवेअर चाचणीवरील प्रसिद्ध पुस्तक १९७९ मध्ये आले. आपल्याच प्रोग्रॅमची चाचणी आपणच करणे प्रोग्रॅमरने टाळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. युक्तिवाद भक्कम आहे. स्वतःच्या लेखनातील मुद्रणदोष स्वतःला दिसत नाहीत, हा प्रत्येक लेखकाचा अनुभव. त्यासाठीच मुद्रितशोधक लागतो. म्हणून लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, पुष्कळदा त्यांचे विभागही वेगळे. कोड आणि चाचणी एकमेकांपासून दूर असणे हा त्या काळी दोष मानला जात नव्हता. निःपक्षपातीपणाची ती हमी समजली जाई.

६/
आता एडिटरकडे, म्हणजे कोड ज्यात लिहिला जातो त्या साधनाकडे वळू. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला. तो टेलिटाइपवर, एकेका ओळीच्या हिशेबाने चालणारा. पुढे बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘एक्स’ आणि त्याचे पडद्यावर दिसणारे रूप ‘व्ही-आय’ घडवले. व्ही-आयमध्ये एक लहानशी सोय होती. आधी उघडलेल्या फाइलीचे नाव एडिटर स्मरणात ठेवी आणि हॅश या चिन्हाने तिचा उल्लेख करता येई. एका आज्ञेने त्या फाइलीकडे, पुन्हा त्याच आज्ञेने परत.

७/
दोन फाइलींमधल्या ये-जा करण्याच्या सोयीचे हे एक जुने रूप. तिची मर्यादाही लक्षात घ्यावी. एडिटरला कळत होते ते केवळ ‘याआधी कुठे होतो’ एवढेच. त्या दोन फाइलींचे एकमेकींशी काही नाते आहे का, हे त्याला ठाऊक नव्हते. याच बर्कली परंपरेत केन आर्नल्ड यांचे ‘सीटॅग्ज’ आले. ते साऱ्या कोडची निर्देशसूची तयार करी: अमुक फंक्शनची व्याख्या अमुक फाइलीत, अमुक जागी. शब्दावर कर्सर ठेवून आज्ञा दिली की एडिटर थेट व्याख्येपाशी पोहोचे. ग्रंथाच्या शेवटची सूची जणू बोटांखाली आली.

८/
फाइलींचे नाते एडिटरला प्रथम समजले ते सी या भाषेमुळे, असे म्हणता येईल. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी घडवलेल्या या भाषेत एकेका विषयाच्या दोन फाइली ठेवण्याची रीत पडली. ‘.एच’ फाइलीत काय उपलब्ध आहे याची घोषणा, ‘.सी’ फाइलीत प्रत्यक्ष काम. नाव एकच, शेपूट निराळे. मग ईमॅक्समध्ये ‘दुसरी फाइल शोध’ अशी आज्ञा आली. विम या एडिटरसाठी मायकेल शार्प यांनी ‘ए.विम’ ही जोडणी लिहिली. दोन्हींची युक्ती साधीच होती: शेपूट बदला आणि त्या नावाची फाइल शोधा. नावावरून जोडी ओळखण्याची ही रीत पुढे चाचण्यांच्या कामी येणार होती.

९/
चाचण्या मात्र अजून दूरच होत्या. त्यांना जवळ आणणारी एक घटना १९८७ ची. लॅरी वॉल यांनी पर्ल या भाषेची पहिली आवृत्ती प्रसृत केली, तेव्हा मूळ कोडसोबत ‘टी’ नावाचा एकाक्षरी फोल्डर होता आणि त्यात चाचण्या होत्या. प्रत्येक चाचणी यशस्वी झाली की ‘ओके’ आणि क्रमांक छापी. ज्याने पर्ल आपल्या यंत्रावर बसवले, त्याला त्या तिथल्या तिथे चालवून पाहता येत. साक्ष आता कोडसोबत प्रवास करू लागली होती. त्या ‘ओके’च्या ओळींमधूनच चाचणीचे निकाल सांगण्याची एक सर्वमान्य पद्धत पुढे विकसित झाली.

१०/
यानंतरचा टप्पा एका विलक्षण जागी घडला, कारण तिथे प्रोग्रॅमरला फाइली दिसतच नसत. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात १९७० च्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आदींनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. तिचा कोड ‘ब्राउझर’ नावाच्या चौकटीत दिसे: डावीकडून विषय, वर्ग, पद्धती आणि खाली त्या पद्धतीचा मजकूर. ही पद्धत कोण कोण वापरते, असे प्रणालीलाच विचारता येई आणि ती यादी देई. कोडमधले संबंध प्रणालीला ठाऊक असत. प्रोग्रॅमरला ते फाइलींच्या नावांवरून ताडावे लागत नसत.

११/
याच स्मॉलटॉकच्या परिसरात केंट बेक यांनी चाचण्या लिहिण्याची एक सुटसुटीत चौकट मांडली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९९४ चा. तिचे तत्त्व मायर्स यांच्या नेमके उलट होते: ज्याने कोड लिहिला त्यानेच चाचणी लिहावी, त्याच भाषेत लिहावी, आणि ती यंत्राने स्वतःच पडताळावी. उत्तर बरोबर की चूक हे माणसाने डोळे ताणून पाहायचे नाही. लेखकाने आपली साक्ष आपणच, पण यंत्राला वाचता येईल अशी लिहून ठेवायची. कोड आणि चाचणी हे आता एकाच माणसाच्या एकाच बैठकीतले काम झाले.

१२/
१९९७ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे ‘ऊप्सला’ ही परिषद होती. झ्युरिकहून तिकडे जाणाऱ्या विमानात केंट बेक आणि एरिक गामा शेजारी बसले आणि त्या प्रवासातच त्यांनी बेक यांची चौकट जावा भाषेत उतरवायला घेतली. तीच जेयुनिट. गामा हे नाव लक्षात ठेवावे. ते या धाग्यात पुन्हा येणार आहे. जेयुनिट पाहता पाहता जावा जगतात पसरले आणि त्याच्या धर्तीवर इतर भाषांतही चौकटी निघाल्या. चाचणी लिहिणे हा सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या दैनंदिन कामाचा भाग बनत गेला.

१३/
या स्थलांतरात एक गोष्ट मागे राहिली. स्मॉलटॉकमध्ये फाइलींचा जाच नव्हता. जावात कोड फाइलींतच राहतो, आणि सार्वजनिक वर्ग असेल तर फाइलीचे नाव वर्गाच्या नावाप्रमाणेच असावे असा नियम आहे. त्यामुळे ‘अकाउंट’ या वर्गाची एक फाइल आणि त्याच्या चाचणीची, ‘अकाउंटटेस्ट’ची, दुसरी. ‘अकाउंटटेस्ट’ ही ‘अकाउंट’ची चाचणी आहे, हे जावाच्या कंपायलरला माहीत नसते. ते कुठे नोंदलेले नसते. ते केवळ नावात असते, आणि नाव हा माणसांनी आपापसांत पाळलेला संकेत.

१४/
मग हा संकेत फोल्डरांपर्यंत गेला. अपाची मेव्हन या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. त्याच्या मांडणीत मूळ कोडसाठी ‘मेन’ आणि चाचण्यांसाठी ‘टेस्ट’ अशा दोन समांतर शाखा असतात. एकीत जे फोल्डर, तेच दुसरीत, आरशातल्या प्रतिमेसारखे. सोय उघड होती: ग्राहकाकडे जाणाऱ्या अंतिम प्रणालीत चाचण्या मिसळत नाहीत. पण एका फाइलीतून तिच्या चाचणीपाशी जायचे तर पाच-सहा फोल्डर वर चढायचे, शाखा बदलायची आणि तितकेच पुन्हा उतरायचे. संकेताने शिस्त आणली आणि अंतर वाढवले.

१५/
नेमक्या याच सुमारास कामाची लय बदलत होती. चाचणी आधी लिहा, ती अयशस्वी होताना पाहा, मग ती यशस्वी होईल एवढाच कोड लिहा, मग तो नीटनेटका करा: ही चाचणीप्रधान पद्धत बेक यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली. या पद्धतीत प्रोग्रॅमर दर काही मिनिटांनी चाचणीकडून कोडकडे आणि कोडकडून चाचणीकडे जातो. दिवसातून एकदा ओलांडायचे अंतर कोणी मोजत नाही. शंभरदा ओलांडायचे झाले की तेच असह्य होते आणि मग एक तर अंतर जाते किंवा सवय जाते.

१६/
म्हणून ते बटण. इंटेलिजे आयडिया या एडिटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबले की कोडवरून चाचणीवर आणि चाचणीवरून कोडवर जाता येते. एक्लिप्ससाठी ‘मोअरयुनिट’ ही जोडणी आली, तिथे कंट्रोल आणि जे. ईमॅक्समध्ये बोझिदार बात्सोव्ह यांच्या ‘प्रोजेक्टाइल’ने हीच सोय दिली. या सोयीचा मोठा आधार नावाचा संकेत. चालू फाइलीचे नाव घ्यायचे, त्याला ‘टेस्ट’ जोडायचे किंवा त्यातून वगळायचे, शाखा बदलायची आणि त्या नावाची फाइल उघडायची. सी भाषेच्या काळातली शेपूट बदलण्याची जुनी युक्तीच विस्तारून पुन्हा कामाला आली.

१७/
या बटणाचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. चाचणी सापडलीच नाही तर इंटेलिजे आयडिया विचारते: नवीन चाचणी तयार करू का? वरकरणी ही सोय; पण तिने एक अभाव दृश्यमान केला. एरवी न लिहिलेली चाचणी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण नसलेली वस्तू दिसत नाही. बटण दाबल्यावर रिकामी जागा समोर आली की तिची जाणीव होते. दफ्तरखान्यात सूचीत नोंद आहे आणि कागद मात्र जागेवर नाही, असे आढळल्यावर संशोधक जसा थबकतो, तसेच हे थबकणे.

१८/
रूबी ऑन रेल्स हे चौकटशास्त्र २००४ मध्ये आले, तेव्हा त्याने संकेतालाच पायाभूत मानले. नवीन घटक तयार करण्याची आज्ञा दिली की कोडच्या फाइलीबरोबर तिच्या चाचणीचीही फाइल आपोआप जन्माला येई. विमसाठी टिम पोप यांनी लिहिलेल्या ‘रेल्स.विम’मध्ये कोलन आणि मोठा ए एवढी आज्ञा दिली की जोडीची फाइल उघडते. जोडी जन्मापासूनच ठरलेली असल्याने एडिटरला ती ओळखणे सोपे गेले.

१९/
पण संकेत माणसांचे असतात आणि माणसे ते बदलतात. २०१३ मध्ये रेल्सच्या चौथ्या आवृत्तीने चाचण्यांच्या फोल्डरांची नावे बदलली: ‘युनिट’च्या जागी ‘मॉडेल्स’, ‘फंक्शनल’च्या जागी ‘कंट्रोलर्स’. बदल सयुक्तिक होता. नवी नावे कोडच्या फोल्डरांशी जुळणारी होती. परंतु जुने प्रकल्प जुन्याच नावांनी चालू राहिले. त्यात आरस्पेक ही चाचणीची दुसरी परंपरा ‘टेस्ट’ऐवजी ‘स्पेक’ हा शब्द वापरी. कोडच्या एकाच फाइलीची जोडी आता प्रकल्पागणिक तीन निरनिराळ्या ठिकाणी असू शकत होती, आणि तिथे जाऊ पाहणाऱ्या साधनाला हे सारे नकाशे बाळगणे भाग होते.

२०/
इथे या इतिहासातला खरा धोका दिसतो. दुवा फक्त नावाचा असेल तर नाव चुकल्यावर तो आवाज न करता तुटतो. मेव्हनच्या नेहमीच्या मांडणीत ठरावीक नमुन्याच्या नावांच्याच चाचण्या चालवल्या जातात. नाव नमुन्यात बसले नाही तर ती चाचणी चालतच नाही. गो भाषेत फाइलीचे शेपूट ‘_टेस्ट’ हवे. चुकून ‘_टेस्ट्स’ लिहिले की ती फाइल चाचणी म्हणून गणलीच जात नाही. बाकीच्या चाचण्या यशस्वी, पडद्यावर हिरवी खूण, आणि एक साक्षीदार न्यायालयात बोलावलाच गेलेला नाही. लाल खूण सावध करते. अशी हिरवी खूण फसवते.

२१/
म्हणून काहींनी अंतर ओलांडण्याऐवजी ते मिटवण्याचा मार्ग धरला. पायथनमध्ये टिम पीटर्स यांचे ‘डॉकटेस्ट’ २००१ पासून भाषेसोबतच येते. फंक्शनच्या माहितीपर मजकुरातच उदाहरण लिहायचे, खाली अपेक्षित उत्तर लिहायचे. यंत्र ते उदाहरण चालवून उत्तर जुळते का पाहते. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत छोट्या चाचण्या त्याच फाइलीच्या तळाशी लिहिण्याची रीत आहे. अंतिम प्रणाली तयार होताना तो भाग वगळला जातो. ही पानाच्या तळाशी छापलेली टीपच झाली.

२२/
गो भाषेने मधला मार्ग काढला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत चाचणीची फाइल वेगळी, पण त्याच फोल्डरात, मूळ फाइलीच्या शेजारी असते. फाइलींची यादी उघडली की ‘अकाउंट’च्या लगत ‘अकाउंट_टेस्ट’ दिसते. बटण नसले तरी शेजार सुटत नाही. या भाषेच्या तीन जनकांपैकी एक केन थॉम्पसन, म्हणजे १९६९ मध्ये ‘ईडी’ लिहिणारेच. पण सान्निध्याचीही किंमत असते. रस्टमध्ये फाइल लांबत जाते आणि कोड वाचणाऱ्याला चाचण्यांच्या पानांतून वाट काढावी लागते. गोमध्ये फोल्डर दुपटीने भरतो.

२३/
आणखी एक प्रश्न उरतो. प्रत्येक कोडफाइलीची एकच चाचणीफाइल असते, हे गृहीतक मुळात खरे आहे का? एक चाचणी अनेक फाइलींमधून जाते आणि एक फाइल अनेक चाचण्यांच्या वाटेत येते. चाचणी चालताना कोडच्या कोणत्या भागाला प्रत्यक्ष स्पर्श झाला, हे मोजण्याची कल्पना मिलर आणि मलोनी यांनी १९६३ मध्येच मांडली होती. तशा मोजमापातून खरे नाते दिसते, आणि ते जाळ्यासारखे असते. बटण मात्र जोडीच दाखवते, कारण नावात जोडीच मावते.

२४/
साधने सवयी घडवतात, हे इतिहासात पुनःपुन्हा दिसते. बटण जोडी मागते म्हणून प्रत्येक वर्गाला एक चाचणी, अशी शिस्त काही ठिकाणी कर्मकांडाच्या थराला गेली, असे माझे वाचन आहे. २०१४ मध्ये रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी चाचणीप्रधान पद्धतीच्या अतिरेकावर जाहीर टीका केली. प्रत्येक तुकडा सुटा करून तपासण्याच्या हट्टापायी प्रणालीची रचनाच बिघडते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर केंट बेक आणि मार्टिन फाउलर यांच्याशी त्यांची जाहीर संभाषणे झाली. चाचणी हवी, यावर तिघांचे एकमत होते. वाद होता तो ती कोडच्या किती लगत आणि किती बारीक असावी याचा.

२५/
आता पुन्हा एरिक गामा. जेयुनिटनंतर त्यांनी एक्लिप्समधील जावाच्या साधनांचे नेतृत्व केले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेल्यावर व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरचे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासह एडिटर आणि भाषा यांच्यातील संवादाचा एक सामाईक संकेत जाहीर केला. ‘याची व्याख्या कुठे?’, ‘हे कुठे कुठे वापरले आहे?’ हे प्रश्न त्या संकेतात होते. ‘याची चाचणी कुठे?’ हा प्रश्न त्या मूळ संकेतात नव्हता. तो कोणत्याही भाषेच्या व्याकरणाचा भाग नसून माणसांच्या रीतीचा भाग आहे, हे त्याचे कारण असावे.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे महत्त्वाचे का वाटावे? कारण उद्याच्या दफ्तरखान्यात हेच कागद असणार आहेत. इन्रिया या फ्रेंच संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प जगभरचा कोड जतन करतो आहे. पण कोडच्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन फाइलीचे नाव बदलल्याची स्वतंत्र नोंदच करत नाही. मजकुराच्या साम्यावरून ते नंतर अनुमान काढते. म्हणजे शंभर वर्षांनी एखादा संशोधक हा कोड उघडेल, तेव्हा कोणती साक्ष कोणत्या विधानाची, हे ठरवायला त्याच्या हाती प्रामुख्याने नावेच असतील. मोडीतले सुटे पान कोणत्या प्रकरणाचे, हे मायन्यावरून आणि हस्ताक्षरावरून ठरवणाऱ्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

२७/
हा धागा वाचणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींना म्हणून एक विनंती. फाइलीचे नाव बदलाल तेव्हा तिच्या चाचणीचेही नाव त्याच बैठकीत बदला. नव्या प्रकल्पात चाचण्या कुठे ठेवायच्या यावर चर्चा निघाली तर ती मांडणीची क्षुल्लक बाब समजून गुंडाळू नका. तुमच्यानंतर येणारा माणूस तपासून पाहील की नाही, हे त्या चर्चेत ठरत असते. आणि बटण दाबल्यावर रिकामी चौकट समोर आली, तर ती बंद करण्याआधी क्षणभर थांबा. तिथे काय असायला हवे होते, हे त्या घडीला तुमच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसते.

(धागा समाप्त. उपयुक्त वाटल्यास आपल्या प्रोग्रॅमर स्नेह्यांपर्यंत अवश्य पोहोचवा. तुमच्या प्रकल्पात चाचण्या कुठे राहतात आणि तिथवर तुम्ही कसे पोहोचता, तेही खाली जरूर लिहा.)